पागडी आणि ओटी

आमच्या भवानी पेठेतल्या घराच्या मागच्या दोन खोल्या अण्णा भाड्यानं द्यायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. सुताच्या दुकानावर बसायचे, शब्दाला पक्का माणूस म्हणून पेठेत नाव होतं. मीही तसंच म्हणायची. आता जीभ रेटत नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा त्या खोल्या रिकाम्या होत्या. गुलबर्ग्याकडचं एक जोडपं आलं. तो इथं एका अडत दुकानात दिवाणजी होता. ती कानडी; मराठी बोलताना अडली की हसायची. आल्या दिवशी त्यानं आमच्या देवापुढं नारळ ठेवला, शेजारी रुमालात बांधलेले पैसे ठेवले आणि चिठ्ठी मागितली. अण्णा हसले. आमच्याकडं पागडी घेणं गुन्हा हाय, चिठ्ठी करून कोण आपल्याच पायावर धोंडा मारून घेईल, माझा शब्द हीच चिठ्ठी समजा, म्हणाले. त्याला पटलं.

त्याच्या मुलखात घराला अ‍ॅडव्हान्स देतात, कागद करतात आणि घर सोडताना पैसे परत मिळतात. हे काय सांगायचं, म्हणून तो बोलला नाही. सोलापुरात पागडी परत मिळत नाही. तेही काय सांगायचं, म्हणून अण्णा बोलले नाहीत. गाडीनं दुधनी ओलांडली की राज्य बदलतं, कायदा बदलतो, रीत बदलते, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्याच महिन्यात माझ्या पाटल्या झाल्या.

पुढं मी माहेरपणाला आले होते, तेव्हा त्यांनी घर सोडलं. गुलबर्ग्याला परत निघाले होते. ट्रंका हातगाडीवर चढल्या. तिला दिवस गेलेले होते, म्हणून आईनं तिची भरभरून ओटी भरली. ती पदरातले तांदूळ चाचपायला लागली. आधी वरवर, मग पार तळापर्यंत. हळकुंड सांडलं की काय, म्हणून आई खाली बघत होती. त्या बाईनं आपल्या नवऱ्याकडं बघून नाही अशी मान हलवली.

मग त्यानं हळू आवाजात अ‍ॅडव्हान्स मागितला. अण्णा खरंच चक्रावले. पागडी कुटं परत देतात का, म्हणाले. इथवर त्यांची चूक नव्हती, हे मी आजही म्हणेन. त्यानं आपल्याकडची रीत सांगितली. गुलबर्ग्यात घर बघून ठेवलंय, पण हेच पैसे तिथं भरल्याशिवाय किल्ली मिळायची नाही, बायकोला अशा दिवसांत घेऊन जायचं कुठं, म्हणाला. अण्णांना सगळं कळलं. त्यांचा चेहरा मला पाठ आहे, त्यांना पुरतं कळलं होतं. आणि तरी ते म्हणाले,

"कागद हाय का तुमच्याकडं?"

आईची नजर माझ्या हातांवर गेली. मी पाटल्या पदराखाली ओढून घेतल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. अहो, कागद नाही तो कुणामुळं? ती ओटी सावरत उंबऱ्यापाशी थांबली. आता हसत नव्हती.

"अक्का," ती आईला म्हणाली, "ओटी परत करता येत न्हाई, म्हणून नेते."

त्या रात्री आमच्या घरी कुणी धड जेवलं नाही. अण्णा तेवढे जेवले, आणि भाजी अळणी झालीय म्हणून आईवर खेकसले.

काही वर्षांनी माझ्या नवऱ्याची बदली नेमकी गुलबर्ग्याला झाली. तिथं आम्ही अ‍ॅडव्हान्स भरला, रीतसर कागद केला. बाजारात कुणी पोर कडेवर घेऊन दिसली, की मी त्या बाईचा चेहरा निरखायची. ती कधी भेटली नाही, आणि भेटली असती तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक.

आम्ही ते घर सोडलं त्या दिवशी मालकीणबाईंनी माझी ओटी भरली. पदर जड लागला म्हणून मी तांदळात हात घातला. तळाशी बोटांना नोटांची घडी लागली. आमच्याच अ‍ॅडव्हान्सच्या पैशांची. मी तिथंच बसून ढसाढसा रडायला लागले. मालकीणबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या. माझा पाय घरातून निघत नाही, असं त्यांना वाटलं.