मिस्त्रींच्या घरचं कपाट

सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. बायकोसुद्धा मिस्त्रीच म्हणायची. जुनं लाकडी सामान नव्या घरात शोभेल असं करून द्यायचं, हा त्यांचा धंदा. काळवंडलेलं टेबल असो की डुगडुगणारी खुर्ची, मिस्त्रींचा हात फिरला की मालकालाही ओळख पटत नसे.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. लग्नात घेतलेल्या कपाटाचं दार बिजागरीत खचलेलं. तळव्याने जोर लावल्याशिवाय ते बंदच होत नसे. बायकोच्या बोटांचे सांधे धरायचे, म्हणून ती सकाळी हाताला तेल चोळायची, बाटली कपाटात ठेवायची आणि त्याच हाताने दार रेटायची.

"मिस्त्री, जगाची दारं नीट करता, माझंच तेवढं राहिलंय."

"करतो गं उद्या."

तो उद्या काही उजाडला नाही. दारावर मात्र तळव्याएवढा काळपट डाग बसला.

ती गेली तेव्हा मिस्त्री रडले नाहीत. काहीजण म्हणाले, काळजाचा दगड केलाय बिचाऱ्याने. काहीजण म्हणाले, मुळात दगडच. मिस्त्रींनी आपल्या परीने आत डोकावून पाहिलं. तिथे काहीच हलत नव्हतं. पुढे मुलाने त्यांना आपल्या फ्लॅटवर आणलं, सोबत ते कपाटही. तिथे भिंती फिकट, सामान सगळं गुळगुळीत. त्यात ते कपाट लग्नाला आलेल्या लांबच्या मामासारखं अवघडून उभं राहिलं.

सुनेने चाचरत विचारलं, "बाबा, हे पांढरं केलं तर? आईंचं आहे, म्हणून विचारते."

"चालेल की," मिस्त्री म्हणाले. जाळू का म्हणून विचारलं असतं, तरी ते हेच म्हणाले असते.

त्यांनी बाल्कनीत काम काढलं. दार उतरवलं, बिजागऱ्या बदलल्या, खालच्या कडेवर रंधा फिरवला, दार पुन्हा चढवलं. आता ते नुसतं बोट लावलं तरी मिटत होतं. अर्ध्या तासाचं काम. हे त्यांच्या ध्यानात आलं, पण वाटलं काहीच नाही. मग त्यांनी पॉलिश पेपर मारला, प्रायमर लावला, पांढरा रंग दिला. हात आपले आपण चालत होते, मिस्त्री नुसते जवळ उभे होते.

सकाळी पाहतात तर पांढऱ्या दारावर पिवळट डाग उमटलेला. तेलकट जागेवर आधी लाखेचा हात मारायचा, मग रंग. नाहीतर तेल वर येतंच. हे त्यांनी कित्येकांना शिकवलं होतं आणि आज स्वतःच विसरले होते. आधी त्यांना लाज वाटली. नवशिक्यासारखी चूक! त्यांनी लाखेची बाटली उघडली, बोळा भिजवला. एक हात लाखेचा, एक रंगाचा, की डाग कायमचा गडप.

दुसरा तळवा त्यांनी सहज डागावर टेकवला. डाग त्यांच्या हातापेक्षा लहान होता. बोळा हातातच राहिला.

सून चहा घेऊन आली. "अगं बाई, हे काय उमटलं?"

"तेल आहे. लाकडात मुरलंय."

"निघणार नाही का?"

लाकूड किडकं असेल तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर तसं सांगणारा हा माणूस. धंद्यात कधी खोटं बोललेला नाही.

"नाही निघत," मिस्त्री म्हणाले. "काही केल्या नाही निघत."

सुनेने उघड्या बाटलीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "मग राहू दे, बाबा," ती म्हणाली आणि तिने दार लोटलं. ते आवाजही न करता मिटलं.

मिस्त्री फरशीवर बसले. बोळ्यातली लाख बोटांवरून ओघळत होती.

"अर्ध्या तासाचं काम होतं गं," ते म्हणाले. "ती रोज सांगायची. अर्ध्याच तासाचं काम होतं." आणि सगळ्यांनी दगड ठरवलेला तो माणूस सुनेसमोर हमसून हमसून रडायला लागला.