पाववाल्याचा फ्यूज

२०१६ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. सकाळी घरापुढच्या खळ्यात चहा घेऊन बसलो होतो, आणि हा माणूस माझ्या कवाडीत उभा राहून, एक डोळा मिटून, नखाएवढा निळा फ्यूज सूर्यासमोर धरून बघत होता. एक्स-रे बघताना डॉक्टर पाडतो तसं तोंड पाडून.

"परत गेलो, डायवरानूं."

गेला म्हणजे फ्यूज गेला. गाडीच्या हॉर्नचा. तुम्ही म्हणाल, हॉर्नचा फ्यूज गेला तर एवढं तोंड पाडायला काय झालं? म्हणजे तुम्ही आमच्या वाडीत राहत नाही.

हा पाववाला. वळणाच्या अलीकडे ख्रिश्चनांची घरं आहेत, तिथे ह्याची स्वतःची भट्टी. बापाने सायकलवरून भोंगा वाजवत पाव विकला. ह्याने जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि भोंग्याची नोकरी गाडीच्या हॉर्नला दिली. तोंडाने हाक मारणं ह्याला कमीपणाचं वाटे. प्रत्येक घराला वेगळा हॉर्न. मास्तरणीकडे दोन बारीक. देवळाच्या पुजाऱ्याकडे एकच, तोही दबका, पुजारी पाव खातो हे देवाला कळू नये म्हणून. आणि सगळ्यात लांब हॉर्न माझ्या दारात, जिथे पाव कधी घेतलाच जात नव्हता. मी भाकरी खाणारा माणूस.

"मगे माज्या दारात कित्याक वाजवतंस रे?"

"तुमी डायवर. हॉर्नाची किंमत तुमका कळतली, भटाक काय?"

तिसरी नापास असलो तरी मी रेडीला खनिजाचा ट्रक चालवलेला आहे. उतारावर माझा ब्रेक कधी तापला नाही, हे अजून तिथे कोणालाही विचारा. जे विचारण्यासारखे होते ते मेले, ही गोष्ट वेगळी. जन्मभर हॉर्न ऐकल्यावर म्हातारपणी देवाकडे मी एकच मागितलं होतं, सकाळची शांतता. देवाने पाववाला पाठवला.

बायको होती तोवर ती मागच्या दाराने त्याच्याकडून चहात बुडवायचे बटर घ्यायची. मला कळत नाही असं तिला वाटायचं. ती त्या वर्षी शिमग्याच्या आधी गेली. महिनाभराने हा फ्यूज घेऊन कवाडीत उभा.

आता दारात आलेल्याला हाकलायचं कसं? म्हटलं, चावी बंद कर आधी. स्टिअरिंगखाली, उजव्या गुडघ्याशी फ्यूजची डबी असते. झाकणाच्या आत चित्रं असतात, कुठला फ्यूज दिव्याचा, कुठला पंख्याचा. ह्याने त्या चित्रांवर सायबिणीचा, म्हणजे मेरी मातेचा, फोटो चिकटवलेला.

"फोटो काढ."

"सायबिणीक काढू?"

"मगे सायबिणीकच विचार, हॉर्नाचो खंयचो तो."

सायबीण काही बोलली नाही. मीच एकेक फ्यूज चिमट्याने उपसला आणि उजेडात धरला. मधली तार सलग दिसली तर फ्यूज जिवंत. तुटलेली, काळवंडलेली दिसली तर मेला. हॉर्नचं घर सापडलं, पण जादा फ्यूज कोणाकडे?

"वायपराचो काढून घाला," हा म्हणाला. "आता खंय पावस?"

"आणि पावस लागलो की?"

"सगळां एकदम कोणाक गावता, डायवरानूं?"

आणि पाऊस लागल्यावरही ह्याने हॉर्नचा फ्यूज वायपरला दिला नाहीच. आख्खा आषाढ एक हात स्टिअरिंगवर आणि एक हात खिडकीबाहेर, पावाच्या फडक्याने काच पुसत फिरला. पाव कोरडे, पाववाला ओला.

शेवटी मीच कट्टा गावच्या बाजारात जाऊन निळ्या फ्यूजचं पाकीट आणलं. ह्याला कोणी परोपकार म्हणू नये. रोज सकाळी ते पडलेलं तोंड बघण्यापेक्षा बसचं तिकीट परवडलं. पण त्या पावसानंतर फ्यूज घातला की आठवड्यात परत उडे. मी सांगितलं, तार कुठेतरी पत्र्याला घासते आहे, ती शोधायला हवी.

"मोठो घाला मरे. पिवळो."

"फ्यूज मराकच ठेवलेलो असता. तो मेलो म्हणान तार वाचता. मोठो घातलंस तर तो रवतलो आणि गाडी जळतली."

"जळतली तेवा बघूया."

त्याला फार दिवस वाट बघावी लागली नाही. एके सकाळी ह्याने मला न विचारता मेलेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली. मास्तरणीपर्यंत हॉर्न झकास वाजला. पुजाऱ्याच्या दारात डॅशबोर्डातून धूर. पुजाऱ्याने कळशी ओतली, कोणी माती टाकली, गाडी वाचली. त्या दिवशी वाडीने धुरकट पाव खाल्ले. ह्याने ते 'जास्त भाजलेले' म्हणून विकले आणि लोकांनी उद्याही तसेच आण म्हणून सांगितलं. आमच्या वाडीच्या जिभेबद्दल मी जास्त बोलत नाही.

मग मात्र मी त्याला गाडीसकट कट्ट्याला नेला. इलेक्ट्रिशियनने सगळी वायर नवी घातली, हॉर्नही नवा. मी शेजारी उभा राहून एकेक जोड बघितला. आता फ्यूज उडायला कारणच उरलं नाही.

आठव्या दिवशी हा कवाडीत. एक डोळा मिटून.

"परत गेलो, डायवरानूं."

तेव्हापासून हेच चाललं. दर आठवड्याला मी डॅशबोर्डाखाली मान घालून वायर तपासतोय आणि हा पायरीवर बसून माझ्या हातचा चहा पितोय. गाडीचा मालक कोण आणि नोकर कोण, रस्त्याने जाणाऱ्याला कळलं नसतं. वर चौकशा. राती काय जेवलास? दम लागता काय? झिलाचो फोन इलेलो? झील म्हणजे माझा मुलगा. मी म्हणायचो, गप रव, माका काम करूक दी. जाताना पायरीवर कागदात एक पाव ठेवायचा. मी तो कोंबड्यांना घालायचो. गावात माझ्या कोंबड्यांएवढ्या लठ्ठ कोंबड्या नव्हत्या.

मेलेल्या फ्यूजचा एक पाय मी पकडीने वाकवायचो, चुकून कोणी परत बसवू नये म्हणून, आणि पायरीवरच्या करवंटीत टाकायचो. इतकी वर्षं टाकत होतो, पण करवंटी काही भरत नव्हती. मी उंदरांवर संशय घेतला. त्यांना निळा रंग आवडत असावा.

दोन वर्षांपूर्वी वळणावर होमस्टे झाला. मालक आमच्याच वाडीतला, मुंबईला नोकरी करून परत आलेला. अर्धी चड्डी घालून आला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"काका, गेस्ट इथे शांततेसाठी येतात हो. सकाळी सकाळी हा हॉर्न! ग्रामसभेत विषय घेतोय, हॉर्न पूर्ण बंद. तुम्ही बोला. हॉर्नच्या विरोधात तुमच्याइतकं गावात कोणी बोललेलं नाही."

हे मात्र खरं होतं. पण हॉर्न बंद म्हणजे पाववाला बंद, हेही तितकंच खरं. दुकानात प्लास्टिकच्या पिशवीतला पाव आला होता. हॉर्न ऐकून पिशवी घेऊन बाहेर येणारी माणसं, तेवढंच ह्याचं गिऱ्हाईक उरलं होतं. ती बाहेर आली नाहीत तर भट्टी विझली. त्या आठवड्यात हा माझ्याकडे फ्यूज घेऊन आलाच नाही. मी काय बोलणार हे त्यालाही माहीत होतं ना.

शाळेच्या पडवीत सभा भरली. होमस्टेवाल्याने पुस्तकी मराठीत ध्वनिप्रदूषण सांगितलं. पाववाला मागे खांबाला टेकून, मान खाली घालून उभा. सरपंचबाई म्हणाल्या, आजोबा, तुम्ही बोला.

मी उठलो. "ह्या हॉर्नान माजे कान किटले, खरां आसा. पण कान माजे आसत. तरास माजो आसा. तो मी तुज्या पावण्यांका वाटूक दिलेलो नाय. तेंका इतकी शांतता होयी तर आदी दर्याक जावन सांग, गप रव म्हणान."

सभा हसली. सरपंचबाईंनी निकाल दिला: वळणाच्या अलीकडे वाजवा, पलीकडे वाजवा, वळणावर वाजवू नका. बाहेर पडताना पाववाला माझ्याजवळ आला. आभार मानेल असं वाटलं होतं.

"फाल्यां सकाळी तुमच्या दारात जरा लांब वाजवतंय."

"वाजव आणि बघ."

पण इतक्या वर्षांची सवय. वळण आलं की ह्याचा हात आपोआप हॉर्नवर जायचा. दोनदा वाजला, दोनदा तक्रार झाली. मग ह्याने उपाय काढला. वळणाआधी गाडी थांबवायची, डबी उघडायची, सायबिणीला नमस्कार करून हॉर्नचा फ्यूज उपसायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. वळण मुक्याने पार करायचं. पुढे गेल्यावर परत बसवायचा आणि मग माझ्या दारात लांब. स्वतःच्या हातावर विश्वास नसलेला असा माणूस मी दुसरा बघितला नाही. इकडे पाहुण्यांना शांतता मिळाली आणि गरम पाव हुकला. ते मालकाला विचारू लागले. मग मालक रोज अर्ध्या चड्डीत मुक्या व्हॅनच्या मागे धावे. पाववाला त्याच्यासाठी थांबे, पण वळण संपल्यावरच. कायदा म्हणजे कायदा.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. नाताळ जवळ आला होता. सकाळी मास्तरणीचे दोन बारीक ऐकले. पुजाऱ्याचा दबका ऐकला. मग वळण, म्हणजे फ्यूज खिशात. त्यानंतर माझा लांब यायला हवा. तो येईना. चहा निवला. मला राग आला. जन्मभर ज्याला शिव्या दिल्या तो वेळेवर आला नाही म्हणून राग, आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. वाटलं, फ्यूज हरवून बसला असणार. नवीन फ्यूज मुठीत घेतला, तोंडात शिवी तयार ठेवली आणि निघालो.

व्हॅन बरोबर वळणात उभी होती. इंजिन चालू. हा स्टिअरिंगवर पालथा. छातीखाली हॉर्नचं बटण पूर्ण दाबलेलं, आणि आवाज नाही.

मी ओरडलो. होमस्टेवाला धावत आला. अॅम्ब्युलन्स बोलावतो म्हणाला. मी म्हटलं, ती येईपर्यंत मी ओरोसच्या हॉस्पिटलात पोचतो. पावाच्या टोपल्या त्याच्या अंगणात उतरवल्या, ह्याला मागे आडवा केला. होमस्टेवाला त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मुठीतला फ्यूज धावपळीत कुठे पडला कळलं नाही. ह्याच्या खिशात हात घातला तर दोन निघाले. दोन्ही उजेडात धरले. एक मेलेला, एक जिवंत. मेलेला माझ्या खिशात, जिवंत डबीत.

मग जो हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. कट्ट्याच्या बाजारात माणसं, गुरं, मासळीवाल्या सगळ्या बाजूला. आठवड्याला उडणारा तो फ्यूज त्या दिवशी काही उडाला नाही. कसालच्या अलीकडे मागून बारीक आवाज आला.

"पुरे मरे, डायवरानूं. कान फुटले माजे."

"आता कळला तुका?" मी म्हटलं. हात उचलला नाही.

दुपारी तो गेला. त्याच्या घरची माणसं त्याला अॅम्ब्युलन्समधून घेऊन गेली. व्हॅन मी माझ्या दारात आणून लावली.

संध्याकाळी पायरीवर बसून खिशातला मेलेला फ्यूज काढला. इतकी वर्षं मी फक्त मधली तार बघायचो. त्या दिवशी चष्मा लावून पाय बघितले. एक पाय वाकवून परत सरळ केलेला. त्यावर पकडीचे दात, माझ्याच पकडीचे. करवंटीत बघितलं, तळाला चारदोन पडलेले. उठून व्हॅनचा कप्पा उघडला. पावाच्या कागदात बांधलेले माझे निळे फ्यूज, सगळे नवे, सगळे जिवंत.

फसवलान मेल्यान. वायर बदलल्यापासून त्या गाडीचा एकही फ्यूज उडालेला नव्हता. जिवंत फ्यूज उपसून कप्प्यात लपवायचा, माझ्याच करवंटीतला मेलेला उचलायचा, पाय सरळ करायचा आणि आठवड्याने माझ्याच कवाडीत एक डोळा मिटून उभं राहायचं. आणि मी, रेडीचा डायवर, ह्याला चहा करून द्यायचो. त्या दिवशीही तो खिशात होता. म्हणजे माझ्याकडेच यायचं होतं त्याला. फ्यूज मी करवंटीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिली करवंटी बघितली. फ्यूज होता तिथेच होता. चहा केला, पण प्यायलो नाही. व्हॅन त्याच्या घरी पोचवायची होती. गाडीत बसलो आणि आधी माझ्याच दारात लांब हॉर्न दिला. कोंबड्या धावत आल्या. मग निघालो. वळण आलं. होमस्टेवाला फाटकात उभा होता. मी गाडी थांबवली नाही, फ्यूज काढला नाही, हॉर्नवरचा हात उचलला नाही. तोही फाटकातून हलला नाही. पुढे पुजाऱ्याकडे एक दबका दिला, मास्तरणीकडे दोन बारीक. दोघंही पिशव्या घेऊन बाहेर आली.

गाडीत पाव नाही, हे दोघांनाही माहीत होतं.