मोरया म्हणून उचललेली गाडी

माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि एकच स्वतःची ठेवली. घाटकोपरच्या ज्या शेठकडे ते ड्रायव्हर होते, ते परदेशातल्या मुलाकडे कायमचे जाताना आपली जुनी दोन दारांची गाडी बाबांना देऊन गेले. ती आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगखाली उभी राहिली. गेली कित्येक वर्षं ती चालत नव्हती, तरी बाबा रोज सकाळी तिला पुसत. आई रोज सकाळी म्हणे, एवढी विचारपूस माझी कधी झाली नाही.

यंदा सोसायटीने कळवलं की बंद गाड्या दिवाळीच्या आत हलवा. बाबांनी नाहूरचा एक ओळखीचा वेल्डर आणला. तो गाडीखाली झोपला, बॅटरी मारली आणि बाहेर येऊन म्हणाला, असं काही कळत नाही. बॉडी उचलून बाजूला ठेवा, चासी उघडी करा. चासी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, ज्यावर सगळी गाडी बसते. चारही कोपरे हातोडीने ठोकून बघा, म्हणाला. टणकन वाजले तर मी गाडी उभी करून देतो. भद्द वाजले तर भंगारवाल्याला बोलवा, माझा वेळ घेऊ नका.

"कुजलेली असली तर मी एक शब्द बोलूचंय नाय," बाबा मला म्हणाले. हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि मला तिन्ही वेळा खोटं वाटलं.

पुढचे रविवार बोल्ट सोडवण्यात गेले. मी चाळिशी उलटलेली, बँकेत खुर्चीवर बसणारी बाई. पण बाबांना आता गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून गाडीखाली मी आणि स्टुलावर सूचना द्यायला ते. सूचना देण्यात त्यांचा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. दारं निघाली, बॉनेट निघालं, वायरी सुटल्या. बोल्ट ठेवायला बाबांनी स्वयंपाकघरातले डबे परस्पर उचलले. आईने चकलीची भाजणी काढायला डब्यात हात घातला, त्यानंतर आम्ही जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उचलायच्या दिवशी क्रेन गेटमधून आत येईना. मग बिल्डिंगच्या गणपती मंडळातले आठ जण आले. सगळे आमच्यासारखेच मूळचे कोकणातले, विसर्जनाला मूर्ती उचलून पटाईत झालेले. मंडळाचेच दोन बांबू त्यांनी बॉडीतून आरपार घातले. दारांच्या जागी ती दुमडू नये म्हणून बाबांनी आदल्या दिवशीच आडव्या फळ्या ठोकून घेतल्या होत्या.

एक, दोन, तीन झालं. चौघांनी तीन म्हणताना उचललं आणि चौघांनी तीन म्हणून झाल्यावर. बॉडी एका अंगाने वर गेली आणि दाणकन खाली बसली. बाबांचा चेहरा बघवेना.

तिसऱ्या मजल्यावरचे काका मंडळाचे जुने कार्यकर्ते. ते म्हणाले, "आकडेबिकडे सोडा रे. नेहमीसारखं उचलूया." आणि त्यांनी खणखणीत आवाजात 'गणपती बाप्पा' म्हटलं.

आठ जण 'मोरया' म्हणाले आणि बॉडी अलगद वर आली.

ठरलं असं होतं की तीन पावलं डावीकडे जायचं आणि तिला जुन्या टायरांवर ठेवायची. पण मोरया म्हटल्यावर त्या आठ जणांचे पाय त्यांच्या ताब्यात राहिले नाहीत. मूर्ती बाहेर काढताना तिचं तोंड घराकडे करतात, बाप्पाला घर बघता यावं म्हणून. यांनी बॉडी फिरवली, तिच्या दिव्यांची रिकामी भोकं आमच्या खिडकीकडे केली, जरा थांबले आणि तशीच ती घेऊन गेटकडे निघाले. खिडकीत आईने हात जोडले. वॉचमनने गेट सताड उघडलं. मी त्यांना थांबवायला मागे धावले खरी, पण गेटपाशी पोचले तेव्हा मीसुद्धा टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात लक्षात आलं की बाबा आमच्यात नाहीत.

मागे वळून पाहिलं तर ते उघड्या चासीपाशी चक्क जमिनीवर बसलेले, हातात हातोडी. मी परत आले. तीन कोपरे ठोकून झाले होते आणि तिन्ही टणकन वाजले होते. राहिला होता मागचा, जिथे वर्षानुवर्षं पाणी साचायचं. तिथे त्यांचा हात उचलत नव्हता. त्यांनी हातोडी माझ्यापुढे धरली.

"तू मार गो."

माझ्या हाताने भद्द वाजलं असतं तर जन्मभर मला ते ऐकू आलं असतं. मी डोळे मिटले आणि मारली.

टणकन वाजलं. खात्री पटेना म्हणून पुन्हा मारली. पुन्हा वाजलं.

बाबांनी त्या गंजक्या लोखंडावर तळहात ठेवला आणि ते रडले. मग मीही रडले. मग ते माझ्या खांद्याला धरून उठले. गेटकडे पाहिलं तर बॉडी अर्धी रस्त्यावर पोचली होती आणि काका पुढे होऊन टेम्पो थांबवत होते. ज्यांचा चढा आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता, ते माझे वडील सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे, पुढच्या वर्षी नको. आताच परत घेवन येवा तिका."