डबल सर

भूतकाळ शिकवताना आमचे इंग्रजीचे सर बोटांच्या पेरांनी टेबल वाजवायचे. अक्षर एकटं असेल तिथे एक टक, दुप्पट होत असेल तिथे टक-टक. 'स्टॉप'चं 'स्टॉप्ड' करताना दोन पी, टक-टक. 'प्लॅन'चं 'प्लॅन्ड' करताना दोन एन, टक-टक. 'हेल्प'ला मात्र एकच. शेजारच्या वर्गात भूमिती चाललेली असायची, पण तिथल्या पोरांनाही कळायचं की आज अकरावीत भूतकाळ आहे. कसबा बावड्याच्या आमच्या शाळेत त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी घेत नसे. सगळ्यांचे ते डबल सर. साखर कारखान्यातून पाळी संपवून येणारे आमचे वडीलसुद्धा विचारायचे, "डबल मास्तर काय म्हणतोय?"

नियम त्यांनी आम्हाला इतका घोटून घेतला होता की आजही झोपेतून उठवलं तर सांगेन. स्वर एकटा आणि त्याच्या नंतरचं व्यंजनही एकटं असेल तर शेपटी लावताना त्या व्यंजनाला जोडीदार द्यायचा. शब्द लांब असेल तर जोर कुठे पडतो ते ऐकायचं. 'परमिट' म्हणताना जोर शेवटी, म्हणून दोन टी. 'व्हिजिट'मध्ये जोर सुरुवातीलाच संपतो, म्हणून एकच टी. चुकलं की तो शब्द दहा वेळा लिहायचा. मारायचे मात्र कधीच नाहीत. छडी वर्गात असायची, तिच्यावर ओला रुमाल वाळत असायचा.

कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानावर बाबूभाई पेंटरनं इंग्रजीत पाटी रंगवली, 'इथे टायर बसवून मिळतील' अशा अर्थाची. 'फिटेड'मध्ये एक टी कमी होता. सर सायकलवरून उतरले आणि शिडीखाली जाऊन उभे राहिले.

"बाबूभाई, एक टी राहिला."

"जागा न्हाय हो सर, फळी संपली."

"मग वर बसवा."

"वर कसा बसल? त्यो काय कावळा हाय?"

पण अखेर बाबूभाईनं दोन अक्षरांच्या मधे, वरच्या अंगाला एक बारीकसा टी काढून दिलाच. पुढे बरीच वर्षं ती पाटी तशीच होती आणि नवा माणूस तिच्याकडे बघून हसायचा.

सर हसायचे नाहीत. का, ते त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं. ते गारगोटीकडच्या एका खेड्यातले. घरच्यांनी छप्पन साली बुद्ध धम्म घेतला तेव्हा ते शाळेत होते. पुढे भावकीत पहिले बी. ए. झाले आणि एका कचेरीत नोकरीचा अर्ज घेऊन गेले. अर्जात 'परमिटेड' या शब्दात एक टी राहून गेला होता. कारकुनानं अर्ज हातात धरून सगळ्या कचेरीला वाचून दाखवला आणि विचारलं, "एक टी वाटेत खाल्लास काय रे?" सगळे हसले. हे सांगताना सरांची पुस्तकी भाषा सुटली. म्हणाले, "दुसऱ्याचं अक्षर कमी पडलं तर लोक म्हणत्यात, घाईत राहिलं आसंल. आपलं कमी पडलं तर म्हणत्यात, माणूसच कमी हाय." वर्गात निम्मी पोरं तेव्हा खाली बघत होती. मीही बघत होते, पण माझी लाज वेगळी होती. आमच्या घरी पाण्याचा वेगळा तांब्या होता.

मालन माझ्या बाकावर बसायची. सरांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिचे आईवडील राधानगरीकडे राहायचे. गावात पुढची शाळा नाही म्हणून पाचवीपासून ती मामाच्या घरी होती. घरी मामा, शाळेत सर. एकदा वर्गात चुकून "मामा, पाणी पिऊन येऊ?" म्हणाली तर त्यांनी तिला तास संपेपर्यंत उभं केलं होतं. तिला नर्स व्हायचं होतं. गणित बरं, मराठी उत्तम, इंग्रजी मात्र भीतीनं खराब. तोंडी सगळं यायचं. पेपर हातात पडला की हात कापायचा, आणि मग दोनाचं एक व्हायचं, एकाचं दोन.

मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची आणि तिच्या आधी शाळेत पूर्वपरीक्षा व्हायची. तिच्यात जो नापास होईल त्याचा बोर्डाचा फॉर्म शाळा पाठवत नसे, कारण शाळेचा निकाल खाली येतो. इंग्रजीत पास व्हायला पस्तीस लागत. मला छत्तीस पडले. मालनला तेहतीस. चार क्रियापदांत तिनं जोडीचं अक्षर खाल्लं होतं आणि सरांनी प्रत्येकी अर्धा गुण कापला होता.

त्या दिवशी मी वह्यांचा गठ्ठा घेऊन ऑफिसात गेले होते, म्हणून पुढचं माझ्या कानांवर पडलं. हेडमास्तर म्हणत होते, "अहो, दोन मार्कांचं काय घेऊन बसलाय? घरचीच पोरगी आहे."

"घरची म्हणूनच नाही म्हणतो," सर म्हणाले. "उद्या लोक म्हणतील, मामानं ढकलली."

"कोण म्हणतंय?"

सर म्हणाले, "माझ्याबद्दल म्हणतात, साहेब. तुमच्याबद्दल नाही म्हणणार."

हेडमास्तरांनी खांदे उडवले. "तुमची मर्जी."

मालनचा फॉर्म गेला नाही. सरांच्या डोक्यात ऑक्टोबरची परीक्षा होती. सात-आठ महिने घरीच तयारी करून घेऊ, हात कापायचा थांबला की पोरगी पन्नास काढेल, असा त्यांचा हिशेब. पण पूर्वपरीक्षेच्या निकालानंतर आठवड्यातच मालनचे वडील एसटीनं आले. सर त्यांना दाजी म्हणायचे. शेतात राबून वाळलेला, कमी बोलणारा माणूस. मी मालनला भेटायला गेले होते आणि आम्ही दोघी आत चुलीपाशी बसलो होतो.

"दाजी, ऑक्टोबरला बसवतो तिला. एवढी एकदा ऱ्हाऊ द्या."

"आन् ऑक्टोबरात पास हुईल?"

"हुईल की."

"तुमीच न्हवं नापास केली?" दाजी म्हणाले. आवाज चढवला नव्हता त्यांनी. खरंच विचारल्यासारखं विचारलं. सरांनी आत वळून चहा मागवला.

वैशाखात मालनचं लग्न झालं. निघण्याआधी ती मला म्हणाली, "मामावर राग न्हाय गं माझा. म्या खरंच एक पी इसरले." मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण मला बोर्डात पास व्हायची खात्री होती आणि त्याचीच लाज वाटत होती.

मी पास झाले. कॉलेज घरच्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून नोकरीच्या परीक्षांसाठी रोज सकाळी सरांकडे इंग्रजी शिकायला जाऊ लागले. सरांच्या बायकोला मालनसारखंच मीही मामी म्हणायची. पहिल्या दिवशी मामींनी चहा पुढे केला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी तो प्याले. तेवढं एक माझ्या हातून बरं झालं.

भाद्रपदात मालनचं पोस्टकार्ड आलं. इंग्रजीत, पाच ओळी. मी ऑक्टोबरला बसायचं ठरवलं आहे. मी त्यांना विनवलं. त्यांनी परवानगी दिली. पाऊस थांबला. परवा आई भेटून गेली. ठरवलं, विनवलं, परवानगी दिली, थांबला, सगळीकडे अक्षरं दुप्पट आणि अगदी बरोबर. फक्त शेवटच्या ओळीत 'व्हिजिटेड'मध्ये तिनं दोन टी घातले होते. सरांनी कार्ड दोनदा वाचलं, लाल पेन काढलं, जादाच्या टीभोवती गोल केला आणि कार्ड पाकिटात घालून पत्ता लिहायला घेतला.

मी म्हटलं, "सर, असंच परत पाठवणार?"

"परीक्षेला बसायचंय तिला. चूक कळायला नको?"

मामी दारातून म्हणाल्या, "दोन शबूद मायेचं लिवा की वो."

सरांनी पेन उचललं. जरा वेळ धरून ठेवलं. मग म्हणाले, "पुढच्या पत्रात लिहितो. टपाल निघंल आता."

परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतः फॉर्म भरून मिळवलेलं मालनचं हॉल तिकीट खिशात घालून सर एसटी स्टँडवर गेले. राधानगरीची पहिली गाडी आली, दुसरी आली. दुपारी मामींनी माझ्याकडे भाकरी बांधून दिली. मी गेले तेव्हा ते चौकशीच्या खिडकीशेजारी उभे होते. बाक रिकामं होतं तरी उभेच होते. प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या बायकांच्या तोंडाकडे बघत होते. भाकरी खाल्ली नाही. शेवटची गाडी आली तेव्हा तिच्यातून मालनच्या गावचा एकजण उतरला. त्यानं सांगितलं की पोरीला दिवस गेलेत आणि सासरचे पाठवत नाहीत.

फाल्गुनात ती गेली. आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, बाळ अडलं. बैलगाडीतून दवाखान्याकडे नेताना वाटेतच संपलं, दोघांचंही. ती एकोणीस वर्षांचीही नव्हती. पंधरा दिवसांनी सरांची आक्का, मालनची आई, बावड्याला आली आणि तिनं पदराच्या गाठीतून ते पाकीट काढून भावाच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मालननं पेन्सिलीनं 'व्हिजिटेड' हा शब्द लिहिला होता, एका टीनं. एकाखाली एक, दहा वेळा.

सर पाकीट घेऊन परसात गेले आणि पाठमोरे बसून राहिले. आक्काच मामींना म्हणाली, "त्येला कायतरी खायला घाल गं, सकाळपास्नं उपाशी दिसतोय."

त्यानंतर सरांनी कुणालाही नापास केलं नाही. शिकवायचे तेच, नियमही तोच, पण पेपर तपासताना बेरीज कितीही खाली येवो, शेवटी पस्तीस. पोरांना दोन-तीन वर्षांत त्याचा वास लागला. पोरं अभ्यास करेनाशी झाली. माझा धाकटा भाऊ दत्ता त्यांतलाच. पूर्वपरीक्षेत त्याला पस्तीस पडले, फॉर्म गेला आणि बोर्डात इंग्रजीत तो तीनदा आपटला. चौथ्यांदा बसायला तयारच होईना. वडिलांनी त्याला कारखान्यात बदली कामगार म्हणून चिकटवला. हंगाम असेल तर काम, नाहीतर पारावर. वडील रोज डबल मास्तराला शिव्या घालायचे.

मी तेव्हा नोकरीला लागले होते. रागारागानं सरांकडे गेले. "सर, दत्ताचा पेपर मी बघितला. त्याला वीससुद्धा पडत नव्हते. का पास केलंत त्याला?"

सर म्हणाले, "मला आता कापता येत न्हाय, पोरी."

"पण त्याचं नुकसान झालं."

"व्हय, झालं," ते म्हणाले. "तिचं कापून केलं, त्याचं न कापून केलं. बरोबर काय ते मला शिकवता येतं. किती कापायचं, ते मला कधी कळलंच न्हाय."

मग त्यांनी आपण होऊन सांगितलं की मधे दाजी आले होते. म्हणाले, मास्तर, जिवाला लावून घेऊ नका, पोरीचं स्थळ निकालाच्या आधीच ठरलं होतं, पास झाली असती तरी लग्न केलंच असतं.

"मग सर, तुमचा दोष कुठं राहिला?" मी म्हटलं.

"दाजींना खोटं बोलायची सवय न्हाय," सर म्हणाले. "बोलताना सारखं टोपी काढत हुते, घालत हुते. मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत, माझ्या डोक्यावरचं वझं उतरलं. त्यांना बरं वाटलं. जेवून गेले."

पुढच्या जूनमध्ये त्यांनी हेडमास्तरांना सांगून इंग्रजी सोडलं आणि भूगोल मागून घेतला. निवृत्त होईपर्यंत भूगोलच शिकवत राहिले, आणि नवी पोरं त्यांना नुसतं सर म्हणू लागली. मी सणावाराला जायची. मामी बोलायच्या, सर ऐकायचे. दत्ताची मात्र दर वेळी चौकशी करायचे. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी छातीचं दुखणं निघालं आणि महिनाभरात गेले.

पंचगंगेच्या काठावर बुद्धवंदना झाली. माणसं पांगायला लागली तेव्हा मागे एका दगडावर दाजी बसलेले दिसले. फार म्हातारे झाले होते. मी जवळ जाऊन ओळख दिली, मालनची मैत्रीण म्हणून. त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं.

"पोरी, म्या मास्तरला एक खोटं सांगितलं हुतं," ते म्हणाले. "स्थळ बिळ काय ठरलं न्हवतं. पास झाली असती तर शिकिवली असती म्या तिला. नर्स हुनार म्हणून गावभर सांगितलं हुतं. नापास झाली म्हटल्यावर मला तोंड दावायला जागा ऱ्हायली न्हाय, म्हणून घाई केली. चूक माझी. पन मास्तर झुरत हुता. बघवंना मला." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुझं जानं-येनं हुतं त्येंच्याकडं. त्येला खरं वाटलं आसंल का गं?"

चितेच्या बाजूला मामी एकट्याच उभ्या होत्या आणि कुणीतरी त्यांना चला म्हणत होतं.

"व्हय दाजी," मी म्हणाले. "वाटलं हुतं. मला सांगितलं त्यांनी."