आत्याचं 'दायजोबू'

बीडच्या क्लासात आम्ही दहा-बारा जणी एका सुरात 'ओहायो गोझाइमास' म्हणत होतो, म्हणजे जपानीतला सकाळचा नमस्कार, तेव्हा मांडीवरचा फोन थरथरला. आण्णांचा, माझ्या वडिलांचा. क्लासच्या वेळेला ते कधी फोन करत नाहीत. मी उचललाच नाही. उचलत नाही तोवर आत्या आहे, असं काहीतरी मनात आलं… मुली 'ओहायो' म्हणतच होत्या आणि भीतीनं मीही त्यांच्याबरोबर म्हणत राहिले.

आत्या जाऊन आता महिना होत आला. आण्णांची ही थोरली बहीण. शिरूर कासारकडच्या माळावर तिनं उभा जन्म मेंढरं राखली. आई-आण्णा ऊसतोडीला गेले की घरात ती आणि मी. कळपाजवळ लांडगा आला तर ती शिव्या देत त्याच्या अंगावर धावून जायची, आणि मी तिच्या पदराआडून किंचाळायचे. असली भित्री पोरगी जपानला म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला निघाली म्हटल्यावर गावाला हसू आवरेना. आण्णांनी होकार दिला, पण अट घातली, "आक्का धडधाकट हाय तवर जा. ती पडली तर तिच्याकडं कोण बघणार?"

त्या दिवसापासून आत्या धडधाकटच राहिली.

सरावाला मला म्हातारं माणूस हवं होतं, ते घरातच होतं. तिला बाजेवर उठवून बसवायचं, पाणी द्यायचं आणि जपानीत विचारायचं, 'इताई?' म्हणजे दुखतंय का. तिनं म्हणायचं, 'दायजोबू', ठीक आहे. "मला बी नीट शिकीव की. तिकडली म्हातारी काय बोलंल ते कळाया नगं का?" अशी शिकली, की लंगडत्या मेंढीलाही 'दायजोबू' म्हणून पुढं हाकायची. एकदा तिनं विचारलं, "भ्या वाटतंय, ह्येला काय म्हणत्यात गं?"

"कोवाई."

"ह्यो सबूद ध्यानात ठिव. तुला लई लागंल," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

उन्हाळ्यात ती चालता चालता थांबायला लागली, छातीवर हात ठेवून. 'इताई?' विचारलं, की आण्णांकडं तिरपा डोळा टाकून म्हणायची, 'दायजोबू'. दवाखान्यात चल म्हटलं, की तिच्या मेंढरांची कामं निघायची. अखेर एका दुपारी ती बाजेवरून उठलीच नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दुखतंय का?" तिनं मान हलवली, नाही. ते वळल्यावर मात्र माझं मनगट धरलं. हात गार पडला होता. "इताई," हळूच म्हणाली. मग जरा थांबून… "कोवाई." लांडग्यावर धावून जाणारी माझी आत्या! पायथ्याशी उभ्या आण्णांनी विचारलं, "काय म्हणती ती?" आत्यानं डोळे वटारले. सांगितलं तर माझं जपान गेलं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"दुखतंय म्हणती, आण्णा. भ्या वाटतंय म्हणती."

आण्णा डॉक्टरांच्या मागं धावले. आत्या रुसून भिंतीकडं तोंड करून पडली, पण मनगट सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच मला क्लासला पिटाळलं.

दिवसकार्य झाल्यावर आण्णा म्हणाले, "आता जा. तिचं एवढं तरी ऐकू." पुढच्या महिन्यात निघायचं ठरलं आहे. तिथली कुणी अनोळखी म्हातारी 'दायजोबू' म्हणेल, तेव्हा मी काय समजायचं? काल आण्णा आत्याच्या बाजेवर बसले होते, तिची घोंगडी मांडीवर घेऊन. "मला बी दोन सबूद शिकीव. फोनवर बोलाया." मी शिकवले. थोड्या वेळानं ते उठायला गेले आणि गुडघा धरून पुन्हा खाली बसले.

"इताई?" मी विचारलं.

त्यांनी घोंगडी गुडघ्यावर ओढून घेतली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "दायजोबू."