चवथीची भरती आणि पिरवाडीचा जिताडा

शिरवण्याला माझ्या सासुरवाडीत माशातलं सगळ्यांना सगळं कळतं, फक्त जावयाला कळत नाही. मी सांगोल्याचा. आमच्याकडे पाणी दिसलं की यात मासा असेल का, असं कुणी विचारत नाही. टँकर पुन्हा कधी येणार, ते विचारतात. तरी हौसेनं गळाची काठी घेतली आणि उरणच्या किनाऱ्यावर तीन रविवार घालवले. पहिल्या वेळी सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, माझ्या भरवशावर खोबऱ्याचं वाटण केलं. दुसऱ्या वेळी अर्धंच केलं. तिसऱ्या वेळी मी दारात पोचायच्या आत वरणाला फोडणी पडली होती. ती फोडणी मला फार लागली. आपण धरलेला एक तरी मासा मामींच्या हातून शिजला पाहिजे, एवढंच मग डोक्यात राहिलं.

चौथ्या खेपेला सासरे सोबत निघाले. मी त्यांना मामा म्हणतो. शेती गेली, तिथे त्यांच्या भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, पण खाडी अंगातून गेली नाही, असं ते स्वतःच सांगतात. शनिवारी मी आणि बायको शिरवण्यालाच मुक्कामाला होतो. मामांनी बोटांची पेरं मोजली आणि जाहीर केलं, "उद्या चवथ हाय. चार तिरका बारा, त्याचा चौथा हिस्सा तीन. तीनला भरती. सकाली नवाला पुरी सुकती." तिथीला तीननं गुणून चारानं भागायचं, की भरतीची वेळ मिळते. मोबाइलवर पाहिलं तर तेच. रिकामे परतलो तर बोलणी नकोत, म्हणून मामी उठायच्या आत मी आणि मामांनी चोरपावलांनी गाडी काढली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. बेलापूरहून उलव्याचा रस्ता धरा. गव्हाण फाट्यापुढे कंटेनरचे ट्रेलर लागतात, त्यांच्याशी शर्यत लावू नका. द्रोणागिरीच्या गोदामांपाशी चहा बरा मिळतो. आमिषाला कोळंबी उरणच्या बाजारातून घ्या, सालासकट.

पिरवाडीच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाणी पार लांब गेलं होतं. हीच वेळ महत्त्वाची. भरतीला समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो आणि आपण देवाचं नाव घेऊन कुठेही गळ टाकतो. माझे तीन रविवार असेच गेले. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, वाळू उघडी पडते, मग चालत जाऊन पाहायचं. किनाऱ्याला समांतर एक लांबट खळगा होता, गुडघाभर पाण्याचा. त्याच्यापुढे वाळूचा उंचवटा, आणि उंचवट्यात एके ठिकाणी खिंड. भरती चढली की मासे त्या खिंडीतून आत खळग्यात चरायला येतात.

जागा नंतर सापडावी म्हणून मी तिच्या सरळ रेषेत रस्त्यावर उभी असलेली एक पांढरी गाडी लक्षात ठेवली. मामांनी खूण म्हणून पाण्यात नांगरलेली एक होडी धरली. मग टपरीवर भुर्जी-पाव खाल्ला. मामांनी दोन प्लेट हाणल्या.

परत आलो तर पाणी चढलेलं आणि पांढरी गाडी गेलेली.

"जावईबापू, निशानी धराची ती जाग्यावर र्‍हानारी," मामा म्हणाले आणि ऐटीत आपल्या होडीकडे वळले. होडीनं भरतीबरोबर तोंड फिरवलं होतं आणि ती भलतीकडेच डुलत होती. मामा मग पिशवीतली कोळंबी मोजायला लागले.

आता पाण्याकडे बघण्यावाचून इलाज नव्हता. बघता बघता दिसलं. लाटा उजवीकडे पांढऱ्या फुटत होत्या, डावीकडेही फुटत होत्या, मधला एक पट्टा मात्र न फुटता गडद राहत होता आणि त्यातून फेस उलटा समुद्राकडे जात होता. उथळ पाण्यावर लाट फुटते, खोलावर फुटत नाही. तीच आमची खिंड. मी लांब फेकायचा मोह आवरून गळ तिच्या अलीकडे खळग्यात टाकला.

दोन वाजून गेल्यावर काठी वाकली. मी पाण्यात दोन पावलं ओढला गेलो, तशी मामांनी मागून माझ्या पँटचा पट्टा धरला. जावई वाहून गेला तर लेकीला काय सांगू, असं ते पुटपुटत होते. आला तो हातभर जिताडा. रायगडात जावई आला की त्याच्यासाठी जिताडा आणतात. इथे जावयानंच आणला. परतीच्या वाटेवर मामांनी चार जणांना फोन करून ही बातमी दिली.

मामी दारातच उभ्या होत्या. त्यांनी माशाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"आज संकष्टी हाय. यो घरान कुनी आनला?"

पौर्णिमेनंतरची चवथ. मामांनी ती बोटांवर मोजली होती, मी मोबाइलवर पडताळली होती, आणि दोघांनाही तिच्यात फक्त भरती दिसली होती. संकष्टीला मामांचाही कडक उपास असतो. दिवसभर काय खाल्लं, असं मामींनी विचारलं. मामा म्हणाले, चहा. मी माशाचे खवले बघत राहिलो.

जिताडा वरच्या भाडेकरूंच्या फ्रीजरमध्ये गेला. सोमवार मामींचा शंकराचा, मंगळवार देवीचा. बुधवारी मी ऑफिसातून थेट शिरवण्याला पोचलो.

आता कुठल्याही किनाऱ्यावर गेलो की माझी नजर आधी न फुटणाऱ्या लाटेवर जाते. पण या फेरीतून खरं राहिलं ते बुधवारचं जेवण. त्या घरात जिताड्याचं डोकं मामांच्या ताटात जातं. माझ्या बायकोला लहानपणीसुद्धा ते कधी मिळालं नव्हतं. मामींनी ते माझ्या ताटात वाढलं. मला ते कुठून खायला घ्यायचं तेही कळेना. मामा जरा वेळ बघत बसले, मग त्यांनी हात लांब करून माझ्या ताटातलं ते डोकं फोडलं, गालाचं मऊ मांस काढलं आणि माझ्या भाताच्या कडेला ठेवलं.

"इथून सुरू करा," ते म्हणाले.

मी सुरू केलं. त्यात काटा एकही नव्हता.