पडद्यावरची तीन नावं

अक्कलकोट रोडवरचा आमचा टॉवेलचा कारखाना बंद होणार होता. ऑफिसात किती कॉम्प्युटर चालू आहेत ते शोधायला मालकांनी एकाला बोलावलं. त्याचं नाव मी विचारलंच नाही. माझ्या शेजारी बसून त्यानं लॅपटॉपवर नेटवर्क स्कॅन केलं. जोडलेली यंत्रं पडद्यावर आली, फक्त तीन. शर्टाच्या टोकानं पडदा पुसून त्यानं पुन्हा स्कॅन केलं. तीनच.

“हितली सगळी वायर मीच वढलीय, ताई. तवा यादी सरकवून बोट दुखायचं की.”

त्या तिनांतला एक माझा होता. तो बंद करायला मी हात पुढं केला.

“थांबा,” तो घाईनं म्हणाला. “एवढ्यात नको.”

खाली माग खोलून सुटे करायला घेतले होते. थोड्या वेळानं मी कॉम्प्युटर बंद केला. त्यानं पुन्हा स्कॅन केलं नाही.